टाचणात न मावणारा पाठ

शिकवायला उभं राहण्याच्या कितीतरी आधी आपण शिकवणं पाहिलेलं असतं. डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये ‘स्कूलटीचर’ या पुस्तकात एक हिशेब मांडला होता. शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने तोवर सुमारे १३,००० तास शिक्षक डोळ्यांसमोर पाहिलेले असतात. नुसतं पाहून झालेली ही उमेदवारी, असं त्याचं म्हणणं. डॉक्टर किंवा वकील व्हायला निघालेल्या कुणाच्या गाठीशी अशी उमेदवारी नसते. म्हणून डी.एल.एड.च्या पहिल्या सरावपाठाला फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या मुलीच्या तोंडून निम्मी वाक्यं तिच्या चौथीतल्या गुरुजींची येतात. ‘समजलं का?’ विचारायची लकब त्यांची, आणि ‘होऽऽ’ असं सामुदायिक उत्तर आलं की पुढे सरकायची घाईही त्यांचीच. तिने गुरुजी पाहिलेले असतात. गुरुजींनी आदल्या रात्री कुठलं उदाहरण निवडलं, कुठलं टाकलं आणि कोणत्या पोराच्या चेहऱ्याकडे पाहून वर्गात ऐन वेळी पाठ वळवला, हे मात्र तिला कधी दिसलेलं नसतं.

या न दिसलेल्या भागाचा अभ्यास हे एक स्वतंत्र क्षेत्र आहे आणि त्याच्या उंबऱ्यावर तुमचं स्वागत करण्यासाठी ही प्रस्तावना. विद्यापीठाच्या भाषेत त्याला चिंतनशील अध्यापन, कृतिसंशोधन, शिक्षकाचा व्यावसायिक विकास अशी भारदस्त नावं आहेत. मी त्याला शिक्षकाने स्वतःच्या वर्गाचा केलेला अभ्यास म्हणेन, कारण तो तेवढाच आहे आणि तेवढाही पुष्कळ कठीण आहे.

प्रस्तावना एखाद्या गावात उभी राहून लिहावी, म्हणजे हवेत जात नाही. मी हट्टा घेतलं. हट्टा नावाची गावं एकाहून अधिक आहेत. दमोह जिल्ह्यातलं तहसिलीचं हट्टा वेगळं आणि हिंगोलीतलं वेगळं. हे बालाघाटचं हट्टा. गोंदियाहून बालाघाटकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर ‘हट्टा रोड’ नावाचं स्टेशन आहे, ते याच गावाचं. गावात दगडी, खांबांची, मजल्यामजल्यांनी खाली उतरणारी जुनी बावडी आहे आणि हट्ट्याचं नाव बाहेरच्यांना माहीत असतं ते बहुतेक तिच्यामुळे. आजूबाजूला वैनगंगेच्या खोऱ्यातली धानाची शेती. पुढे उत्तरेला आणि पूर्वेला चढण लागते, जंगल लागतं आणि बैहरकडे गोंड आणि बैगा वस्त्या सुरू होतात.

१९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशात होता आणि त्या राज्याच्या राजभाषा दोन होत्या, हिंदी आणि मराठी. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट नव्या मध्यप्रदेशात राहिलं. सोयरीक मात्र आमगाव, तिरोडा, गोंदियाशी चालूच राहिली. आज इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत पुस्तक हिंदीचं असतं. घरी बोलणं पोवारी, मराठी, लोधी, मरारी, गोंडी, हिंदी यांपैकी कुठलंही आणि बहुधा एकाहून अधिक. असा वर्ग समोर असताना शिकवण्याची कोणतीही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. म्हणूनच या क्षेत्राकडे पाहायला ही जागा मला सोयीची वाटते. पुण्यामुंबईच्या वर्गांत झाकून जाणाऱ्या काही गोष्टी इथे उघड्यावर असतात.

एक उदाहरण सविस्तर घेऊ, कारण सगळं क्षेत्र त्यात मावतं. आंतरवासितेसाठी हट्ट्याजवळच्या शाळेत तिसरीचा वर्ग मिळालेल्या छात्राध्यापिकेची कल्पना करा. तिने फळ्यावर ५२ वजा २७ लिहिलं. एका मुलाने पाटीवर उत्तर लिहिलं ३५. तिच्या पाठ टाचणात या क्षणासाठी जागाच नाही. टाचणात प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ अशी उतरंड आहे. हर्बार्टच्या शिष्यांनी एकोणिसाव्या शतकात घडवलेल्या पंचपदीची ती नात किंवा पणती. एका बाजूला शिक्षककृती, दुसऱ्या बाजूला अपेक्षित विद्यार्थीकृती. ३५ हे अनपेक्षित आहे. ती फुली मारते आणि रीत पुन्हा सांगते. मागे बसलेले मार्गदर्शक निरीक्षण वहीत लिहितात: फलकलेखन सुवाच्य, आवाज स्पष्ट, वर्गनियंत्रण ठीक.

आता हाच क्षण दुसऱ्या तऱ्हेने पाहा. ती फुली मारायच्या आधी विचारते, ‘कसं केलंस, सांग बरं.’ मुलगा सांगतो की दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले, पाच उरले. मग पाचातून दोन, तीन. तो गोंधळलेला नाही. त्याच्याकडे नियम आहे, तो नियम तो सगळीकडे इमानदारीने लावतो आहे, आणि नियम चुकीचा आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या अशा चुकांचा पद्धतशीर माग काढला होता. मोठ्या अंकातून लहान अंक, मग तो वर असो की खाली, ही चूक त्यात ठळक आहे. निष्काळजीपणाने झालेली चूक रोज वेगळी असते. नियमाने झालेली चूक आधीच वर्तवता येते. म्हणजे आपली छात्राध्यापिका त्या मुलाला ६३ वजा २८ देऊन, तो ४५ लिहील, असं आधीच सांगू शकते. तसं झालं, तर तिच्या हातात अंदाज तपासण्याची रीत आली. याला मी संशोधन म्हणायला अजिबात कचरत नाही.

पुढे काय करायचं, हा पुढचा प्रश्न. दशक सुटा करणं काड्यांच्या जुड्यांनी शिकवतात, ते पुस्तकात आहेच. पण जंगलाजवळच्या गावातून आलेल्या मुलाला जुडी सोडणं पुस्तकाआधीच माहीत असतं. उन्हाळ्यात घरची माणसं तेंदूपत्ता तोडायला जातात, पानांच्या गड्ड्या बांधतात. मध्यप्रदेशात एका गड्डीत ५० पानं. सुटी पानं कमी पडली की गड्डी सोडावी लागते, हे त्याने पाहिलेलं आहे. हे उदाहरण वर्गात आणलं की पोरांचे डोळे चमकतात, आणि नेमकं तिथेच सावध व्हायला हवं. गड्डी ५० ची, आपली जुडी १० ची. गड्डी सोडल्यावर ‘वर किती लिहू?’ या प्रश्नाला तेंदूपत्ता उत्तर देत नाही, उलट घोटाळा वाढवतो. स्थानिक उदाहरण कुठवर साथ देतं आणि कुठे हात सोडतं, हे ज्या शिक्षिकेने लिहून ठेवलं, तिने एक असं ज्ञान नोंदवलं जे गणिताच्या पुस्तकात नसतं आणि शिक्षणशास्त्राच्याही नसतं. ली शुलमनने १९८६ मध्ये या जातीच्या ज्ञानाला स्वतंत्र ओळख दिली: विषय येणं वेगळं, शिकवण्याची तंत्रं येणं वेगळं, आणि हा विषय या मुलांपर्यंत कसा न्यायचा हे तिसरंच.

संख्यांच्या नावांचा घोळही इथेच येतो. बावन्न म्हणताना आधी दोन, मग पन्नास. लिहिताना आधी पाच, मग दोन. हिंदीतही तोच उलटा क्रम. त्यात उनतीस, उनतालीस, एकोणपन्नास अशी वजाबाकीवर बेतलेली नावं. २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाने प्रचलित नावांच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा केवढा गहजब झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर मुलांना जोडाक्षरी, उलटी नावं जड जातात हे शांतपणे समजावत होत्या. विधानसभेपर्यंत थट्टा चालली होती. मराठी बुडाली का वाचली, यावर लेख आले. ती रीत वापरून दुसरीच्या वर्गात प्रत्यक्ष काय झालं, कुठल्या मुलाला फायदा झाला, कुणाला दोन रीतींचा बोजा झाला, हे लिहिणारे शिक्षक त्या गदारोळात ऐकू आले नाहीत. माझ्या मते त्या वादातली खरी उणीव ती होती. जिथे घरची नावं एक आणि शाळेची दुसरी, तिथल्या शिक्षकाला तर या बाबतीत सांगण्यासारखं अधिकच असणार.

या क्षेत्राचा इतिहास सांगताना बहुतेक पुस्तकं जॉन ड्यूईपासून सुरू होतात आणि त्यात काही गैर नाही. ड्यूईने १९०४ मधल्या एका निबंधात विचारलं होतं की उमेदवार शिक्षकाला शाळेत पाठवायचं ते कशासाठी: कारागिराच्या हाताखाली कसब उचलायला, की प्रयोगशाळेत गेल्यासारखं निरखून समजून घ्यायला? पहिल्या मार्गाने वर्ग लवकर ताब्यात येतो, पण शिक्षकाची वाढ तिथेच थांबण्याची भीती असते, असं त्याला वाटे. डोनाल्ड शॉनने १९८३ मध्ये ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’मध्ये दाखवलं की जाणता व्यावसायिक काम झाल्यावर विचार करतो तसा कामाच्या मध्येही करतो. वर्ग भरकटतो आहे हे ओळखून पाठ वळवणारे गुरुजी हे करतच असतात. त्याला नाव मिळालं एवढंच.

पण आपल्याकडची वाट तिकडून आलेली नाही. जोतीराव फुल्यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदन काढून बघा. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्य तितके शेतकरी वर्गातले असावेत, वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला लाजणारे नसावेत, मुलांच्या घरांत मिसळून त्यांच्या गरजा ओळखणारे असावेत, आणि त्यांचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा. शिक्षक घडवणं आणि शिक्षकाचं पोट या दोन गोष्टी त्यांनी एकाच दमात मांडल्या. नंतरच्या किती अहवालांना हे जमलं, ते पाहण्यासारखं आहे. हट्टा ज्या प्रांतात होतं त्याच प्रांतात, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये नई तालीमची परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकवणाऱ्या शिक्षकाची कल्पना पुढे आली. गिजुभाई बधेका मूळचे वकील; भावनगरच्या बालमंदिरात त्यांनी प्रयोग केले आणि गुजरातीत ‘दिवास्वप्न’ लिहिलं, एका प्रयोगखोर शिक्षकाची जणू रोजनिशीच. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडला गेल्या आणि शाळेत न येणाऱ्या आदिवासी मुलांमागे शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा ही कल्पना कुठल्या सिद्धांतातून निघाली नाही. मुलं गुरांमागे का जातात हे नीट पाहिल्यावर सुचली. त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी तो अनुभव लिहून ठेवला. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं आणि वर्गात घडलेल्या बारीकसारीक गोष्टींवर मराठीत मनापासून लिहिलं. मराठी छात्राध्यापकाला आत्मपरीक्षणासाठी आधी इंग्रजी शिकावी लागते, हा समज या नावांपुढे टिकत नाही.

मध्यप्रदेशची स्वतःची परंपरा तर आणखी मोलाची, आणि तिथल्याच प्रशिक्षणार्थींना ती फारशी सांगितली जात नाही. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक, म्हणजे आपल्याकडच्या उच्च प्राथमिक शाळांत किशोर भारती आणि रसूलियाचं मित्र मंडळ केंद्र यांनी विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. मुलांनी प्रयोग करायचे, निष्कर्ष स्वतः काढायचे. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो पुढे नेला आणि २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. मुलांच्या प्रयोगांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला अधिक महत्त्वाच्या वाटतात त्या शिक्षकांच्या मासिक गोष्ठी. परिसरातल्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा जमत आणि कुठला प्रयोग फसला, मुलांनी काय विचारलं, आपल्याला उत्तर आलं की नाही, हे एकमेकांना सांगत. ‘मला उत्तर आलं नाही’ असं चारचौघांत म्हणायची सोय सरकारी यंत्रणेत होणं ही लहान गोष्ट नव्हती. एकट्याने डायरी भरण्यापेक्षा मी या गोष्ठीला कधीही वरचं स्थान देईन. आज जनशिक्षा केंद्रावर जनशिक्षकांच्या बैठका होतात, त्यात बहुतेक वेळ माहिती भरण्यात जातो.

याच राज्याने १ जानेवारी १९९७ पासून शिक्षण हमी योजना आणली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसलेल्या वस्तीने मागणी केली, मुलं ४० असली, आदिवासी भागात २५ असली, की ९० दिवसांत सरकारने गुरुजी द्यायचा. गुरुजी बहुधा त्याच गावचा. त्याला मुलांची बोली येई, आईबाप ओळखीचे. प्रशिक्षण तुटपुंजं, मानधन त्याहून तुटपुंजं. दुसरीकडे रीतसर पदविका घेतलेला शिक्षक बदलीवर लांबून येई, त्याला तंत्र येई आणि पोवारी किंवा गोंडी कानावरून जाई. फुल्यांनी एकाच माणसात मागितलेल्या दोन गोष्टी आपण दोन माणसांत वाटून दिल्या आणि दोघांनाही अपुरं ठेवलं. हट्ट्याची स्थानिक मुलगी आज डी.एल.एड. करते, तेव्हा ही फाळणी तिच्यापुरती तरी मिटू शकते; अट एवढीच की प्रशिक्षणाने तिच्या घरच्या बोलीला दोष मानू नये. मुलांना आधी समजणाऱ्या भाषेत शिकवावं, हे युनेस्कोच्या अहवालाने १९५३ मध्ये म्हटलं, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही म्हटलं. ते रोजच्या वर्गात नेमकं कसं करायचं, पुस्तकाच्या हिंदीकडे कसं न्यायचं, हे ना त्या अहवालात आहे ना धोरणात. ते वर्गात शोधावं लागतं.

कागदोपत्री अनुकूलता वाढली आहे, हे मान्य करायला हवं. शिक्षक-शिक्षणाच्या २००९ च्या राष्ट्रीय आराखड्याने चिंतनशील शिक्षकाची भाषा आणली. २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतल्या प्रत्यक्ष कामाला किमान २० आठवडे मिळाले. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही असं ठरवलं; लहान मुलांना शिकवणं हे वेगळं कौशल्य आहे, ही गोष्ट न्यायालयाला सांगावी लागली. पण कागदावर आलेलं चिंतन लवकर कर्मकांड होतं. आत्मचिंतन दैनंदिनी आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांकडून उतरवून घेतात, हे कुणाला माहीत नाही? ‘आजचा पाठ यशस्वी झाला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. पुढच्या वेळी शैक्षणिक साहित्य अधिक वापरेन.’ ही तीन वाक्यं कुठल्याही इयत्तेला, कुठल्याही विषयाला आणि कुठल्याही दिवसाला लागू पडतात. म्हणूनच ती निरुपयोगी.

मग काय लिहावं? पाहता येईल असं, मोजता येईल असं, किंवा मुलाच्या तोंडचं जसंच्या तसं. मेरी बड रो हिने १९७० च्या सुमारास वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प मुलंही बोलू लागतात. तुमच्या मोबाईलवर दहा मिनिटं स्वतःचा पाठ रेकॉर्ड करून ऐका. शिक्षक म्हणून आपलाच आवाज आपल्याला सहन होत नाही, हा पहिला निष्कर्ष बहुतेकांचा सारखाच असतो. तीन सेकंद थांबणं किती अवघड असतं, तेही त्यात कळतं. मग कुणाला प्रश्न विचारले ते मोजा. पुढच्या दोन रांगा आणि मुलगे यांच्या वाट्याला किती आले ते बघा. रोवणीच्या दिवसांत कोण गैरहजर आहे ते नावांनी नाही, हजेरी क्रमांकांनी लिहा, आणि धान कापणीला पुन्हा लिहा. तीच मुलं असतील, तर ती ‘अनियमित’ आहेत की शाळेचं वेळापत्रक धानाच्या विरुद्ध आहे, हा प्रश्न तुम्ही विचारू शकता. बावडी पाहायला मुलांना नेलंत, तर तिथला इतिहास घोकून घेऊ नका. ‘पाणी कोणत्या महिन्यात किती पायऱ्या खाली जातं?’ या एका प्रश्नावर वर्षभर काम होईल.

एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो इथे लिहिलाच पाहिजे. पदं रिकामी, दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळणार, त्यात निवडणुकीची, जनगणनेची कामं. आणि वर शिक्षकाला सांगायचं, स्वतःच्या आत डोकाव. शिक्षकाच्या चिंतनाने व्यवस्थेची जबाबदारी झाकता येते, असा या क्षेत्रावर टीकाकारांचा आरोप आहे आणि तो पुष्कळदा खरा ठरतो. माझं म्हणणं इतकंच की बहुवर्ग अध्यापनात तिसरीला सलग किती मिनिटं मिळाली, याची नोंद ठेवणाऱ्या शिक्षिकेची तक्रार झटकून टाकणं अधिकाऱ्याला अवघड जातं. स्वतःकडे पाहण्यातून व्यवस्थेकडे बोट दाखवण्याचा पुरावाही हाती येतो. आणि मुलांबद्दल लिहिताना नावं बदलावीत, घरची गरिबी रंगवू नये, फोटो काढून इकडेतिकडे पाठवू नयेत. शिकाऊ शिक्षकाच्या वाढीची किंमत तिसरीतल्या मुलाने मोजायची नाही.

राहिला एक वाद, ज्यावर या क्षेत्रात एकमत नाही: आत्मपरीक्षणाला गुण द्यावेत का? देणाऱ्यांचं म्हणणं, गुण नसले की कुणी लिहीत नाही. मी विरुद्ध बाजूचा. गुण आले की फसलेला पाठ कुणी लिहिणार नाही, आणि फसलेल्या पाठाविना या वहीला अर्थ नाही. त्यापेक्षा अट वेगळी घाला. दर नोंदीला मुलाच्या पाटीची किंवा वहीच्या पानाची नक्कल जोडलेली असावी, ३५ लिहिलेली ती वजाबाकी जशी होती तशी, आणि तिच्याखाली शिक्षिकेने आपला अंदाज लिहावा. दुसऱ्या दिवशी तो खरा ठरला की खोटा, तेही. खोटा ठरलेल्या अंदाजांचं प्रमाण जास्त असलं तरी चालेल. तपासणाऱ्या प्राध्यापकांनी त्यावर शेरा न मारता एक प्रश्न लिहून वही परत करावी.